पडद्यामागचे कान

गेल्या कार्तिकातील गोष्ट. आमच्या गावची मंडई होती आणि रात्री नाटक होते. झाडीपट्टीत वाढलेल्या वाचकाला एवढे एक वाक्य पुरे आहे. पण आपल्या महाविद्यालयात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली प्राध्यापक मंडळीही आहेत, म्हणून थोडे सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या व जंगलाच्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. धान कापून झाले की दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत येथे नाटकांचा हंगाम चालतो. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत प्रेक्षक उठत नाही. देसाईगंज म्हणजे आमचे वडसा हे या रंगभूमीचे मुख्य ठाणे. याच रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे गावोगावी आनंद झाला होता.

तर त्या रात्री मी प्रेक्षकांत नव्हतो. आमचे काकाजी मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा करतात. त्यांच्याबरोबर मी शाळेपासून वायरी गुंडाळायला जातो. रात्री दोनच्या सुमारास जनरेटर कुरकुरू लागला, म्हणून ते मिक्सर माझ्या हाती देऊन मागे गेले. "फक्त पाहत राह्य, हात नको लावू जास्त," एवढेच बोलले. नेमका तेव्हाच नाटकातला शेवटचा मोठा प्रवेश आला. नायिका मरणोन्मुख होऊन रंगमंचावर आडवी पडते आणि जाता जाता एक गोष्ट सांगते. तिचा आवाज बारीक झाला. मी तिचा माईक वाढवला, तशी माईकने शिट्टी मारली. घाबरून मी तो खाली आणला आणि पोकळी भरून काढावी म्हणून ऑर्गनचा आवाज वाढवला. मला वाटले, वा, काय प्रसंग रंगला!

सकाळी हातपंपावर शेजारच्या आजीबाई भेटल्या. रात्रभर शेवटच्या रांगेत घोंगडे पांघरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाबू, त्या पोरीनं मरतानी का सांगतलन? आमाले त आयकूच नाई आला."

आठ तास थंडीत बसलेल्या बाईला ज्या एका वाक्यासाठी ती बसली होती, तेच ऐकू आले नव्हते. आणि त्याला लेखक, नट, नटी यांपैकी कोणीही जबाबदार नव्हते. जबाबदार मी होतो. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. सिनेमात आणि गाण्यांत हे काम कोण करते, ते कसे शिकतात, त्यावर पोट भरते का, आणि आपल्यासारख्या कला शाखेच्या, जंगलभागातल्या मुलांना तेथे वाव आहे का, या प्रश्नांची जी उत्तरे हाती आली ती या लेखात मांडत आहे.

चूक नेमकी कोठे झाली?

प्रथम माझ्याच चुकीचा हिशेब करू, कारण या साऱ्या व्यवसायाचे बीज त्यात आहे.

आमच्याकडे रंगमंचावर माईक वरून टांगलेले असतात. नटी उभी असताना तिचे तोंड माईकपासून दोन-अडीच फुटांवर असते. ती आडवी पडली की हेच अंतर सात-आठ फूट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते, असा नियम आहे. दोनाचे चार आणि चाराचे आठ, म्हणजे दोनदा दुप्पट. एकूण घट बारा डेसिबलची. दहा डेसिबल उतरले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे नुकसान किती झाले ते कळेल.

मी माईक वाढवला तेव्हा शिट्टी का आली? भोंग्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, तेथून वाढून पुन्हा भोंग्यात येतो आणि हे चक्र क्षणात बेफाम होते. त्यावर दोन साधे उपाय आहेत: माईक बोलणाऱ्याच्या जवळ नेणे, किंवा भोंगे माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला तोंड करून ठेवणे. मी दोन्ही केले नाही. उलट ऑर्गन वाढवला. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने, म्हणजे ज्यांच्यामुळे शब्द ओळखू येतो ते त, स, क, च सारखे आवाज, अत्यंत दुबळे असतात. सूर त्यांना सहज गिळून टाकतो. आजीबाईंना नायिकेचे रडणे ऐकू आले असणार, पण शब्द ऐकू आले नाहीत.

आणि सर्वांत मोठी चूक ही, की मी रंगमंचाशेजारी बसून शेवटच्या रांगेसाठी निर्णय घेत होतो. ध्वनीच्या कामाची पहिली शिकवण हीच आहे, असे मला आता वाटते. आपण जेथे बसलो तेथून नव्हे, तर ऐकणारा जेथे बसला तेथून ऐकावे.

दामले यांचा धडा

भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे शिक्षण देणारी शाळा आपल्याकडे नव्हती. प्रभातमध्ये ही जबाबदारी उचलली विष्णुपंत दामले यांनी. ते मूळचे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कलावंत, रंग-पडदे-कॅमेरा यांत वाढलेले. बोलपट आला तेव्हा त्यांनी यंत्र समजावून घेतले आणि आवाज पकडायला शिकले. पुढे १९३६ साली फत्तेलाल यांच्यासह त्यांनीच 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

कला शाखेच्या मुलांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे असे आहे. यंत्र शिकता येते. पण काय ऐकवायचे आणि काय ऐकवायचे नाही, याची जाण आधी असावी लागते.

त्याच प्रभातमध्ये १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या तरुणीची ती गोष्ट आहे. त्यात शांतारामांनी नेहमीच्या पार्श्वसंगीताला फाटा दिला आणि प्रसंगातल्या स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली. त्या घरातले भिंतीवरचे घड्याळ म्हणजे जणू एक पात्रच आहे. आज ज्याला ध्वनिरचना म्हणतात, त्या शब्दाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा पुण्यात ही गोष्ट घडलेली आहे. हा शब्द चित्रपटाच्या श्रेयनामावलीत रुजला तो १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या अमेरिकी चित्रपटामुळे, वॉल्टर मर्च यांच्या नावापुढे.

प्रभातची ही वास्तू पुढे वाया गेली नाही. तिच्याच आवारात १९६० साली केंद्र सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था काढली, तीच आजची पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया.

एका चित्रपटाचे किती कान?

आपण चित्रपटगृहात बसतो तेव्हा वाटते, नट बोलला आणि आपण ऐकले. प्रत्यक्षात त्या एका वाक्यामागे निदान चार-पाच निराळ्या लोकांची नोकरी असते.

पहिला म्हणजे चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक. लांब काठीला माईक लावून तो नटाच्या डोक्यावर, पण चौकटीच्या बाहेर धरणारा त्याचा एक सोबती असतो. ती काठी तासन् तास हलू न देता धरणे, सावली पडू न देणे आणि नट वळला की त्याच्याबरोबर वळणे हे अंगमेहनतीचे काम आहे. नवखा उमेदवार बहुधा येथूनच आत शिरतो. हा ध्वनिमुद्रक दृश्य संपल्यावर सर्वांना गप्प उभे करून त्या जागेची शांतताही मुद्रित करून घेतो. मला हे वाचून नवल वाटले होते. पण शांतता सर्वत्र सारखी नसते. वर्गातली शांतता निराळी आणि वैनगंगेच्या काठची निराळी. संवाद कापून जोडताना मध्ये पोकळी पडते, तेथे हीच शांतता भरावी लागते.

आपल्याकडे पूर्वी कॅमेऱ्यांचा फार गोंगाट असे. म्हणून दीर्घकाळ बहुतेक चित्रपटांचे संवाद नटांकडून नंतर स्टुडिओत पुन्हा बोलवून घेतले जात. २००१ साली 'लगान' मध्ये जागेवरच आवाज टिपला गेला, त्यानंतर ही पद्धत हिंदी चित्रपटांत वाढली. मराठीपुरते बोलायचे तर धनगरांच्या जीवनावरील 'ख्वाडा' या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना २०१४ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उघड्या माळावरचा आवाज पकडणे हे कामही सन्मानाचे ठरू शकते, हे त्यावरून दिसते.

दुसरा ध्वनिसंकलक. तो मिळालेल्या आवाजातून चांगले वेचतो, खोकला, वारा, खडखड काढून टाकतो आणि तुकडे जोडतो.

तिसरा फोली कलावंत. जॅक फोली या अमेरिकी गृहस्थाच्या नावावरून हे नाव पडले. पडद्यावर माणूस चालताना पाहून हा कलावंत स्टुडिओत त्याच तालावर चालतो. पातळाची सळसळ, बांगड्यांची किणकिण, भांड्यांचा आवाज हे सर्व नव्याने करतो. माघ-फाल्गुनात सागाच्या वाळक्या पानांवरून चालताना जो चरचर आवाज होतो, तो आपण रोज ऐकतो. मुंबईच्या बंद खोलीत हाच आवाज कशाने काढायचा, यावर कोणाचा तरी आख्खा दिवस खर्ची पडतो.

चौथा ध्वनिरचनाकार. एकूण चित्रपटात कोणता आवाज कोठे यावा, कोठून यावा आणि कोठे नसावा याचा विचार हा करतो. 'शोले' चा तो प्रसंग आठवा. ठाकूरच्या घरातली माणसे मारली जातात, तेव्हा किंकाळ्यांपेक्षा अधिक लक्षात राहते ती झोपाळ्याची कुरकुर. साधा झोपाळा, पण तो अंगावर काटा आणतो. कारण आवाज आपल्याला चित्राच्या पलीकडचे सांगतो.

पाचवा आणि शेवटचा ध्वनिमिश्रक. संवाद, संगीत आणि इतर आवाज असे तीन प्रवाह त्याच्यापुढे येतात. त्यांचे प्रमाण ठरवून तो अंतिम ध्वनिपट्ट तयार करतो. १९७५ च्या 'शोले' त सहापदरी ध्वनी होता. आज सामान्यतः पडद्यामागे डावा, मधला व उजवा, प्रेक्षकांच्या दोन बाजूंना दोन आणि खर्जासाठी एक निराळा, अशी रचना असते. संवाद बहुधा मधल्या स्पीकरमधून येतो, म्हणून तो नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो.

या कामात एका मराठी माणसाचे नाव आदराने घेतले जाते, ते मंगेश देसाई यांचे. परळच्या राजकमल कलामंदिरात त्यांनी मिश्रणाचे काम केले. 'शोले' सारखा धंदेवाईक चित्रपट आणि सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' हे दोन्ही त्यांच्या हातांखालून गेले. शोलेतले संवाद पाठ असणारे आपल्या गावात शेकड्यांनी सापडतील. ते संवाद स्पष्ट ऐकू यावेत म्हणून राबलेल्या माणसाचे नाव ठाऊक असणारा मला आजवर एकही भेटला नाही.

गाण्याची खोली

संगीतातही असेच टप्पे आहेत. ध्वनिमुद्रक गायक व वाद्ये टिपतो. मिश्रक त्यांचे प्रमाण, जागा आणि घुमारा ठरवतो. शेवटचा तंत्रज्ञ त्या गाण्याला अखेरचा हात फिरवून ते रेडिओ, मोबाइल, मोटार अशा सर्व ठिकाणी नीट वाजेल असे करतो.

पूर्वी सर्व वादक आणि गायक एकाच वेळी एका दालनात बसत. मिश्रण म्हणजे कोण माईकपासून किती अंतरावर बसले, हेच असे. १९४९ च्या 'महल' मधील 'आएगा आनेवाला' हे गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे. गाणारी दुरून जवळ येते आहे असे वाटावे म्हणून लताबाईंना माईकपासून दूर उभे करून गात गात हळूहळू जवळ यायला लावले होते, ही आठवण त्या स्वतः सांगत. म्हणजे ज्या अंतराने मला फसवले, त्याच अंतराचा तेथे अलंकार झाला. नियम तोच, फरक जाणतेपणाचा.

पुढे एकामागून एक पदर निरनिराळे टिपण्याची सोय आली आणि आज साध्या संगणकावरही शेकडो पदर रचता येतात. म्हणून हे काम सोपे झाले, असे मात्र नाही. पूर्वी स्टुडिओत शिरणे कठीण होते. आता शिरणे सोपे, पण टिकणे कठीण. तरीही जुने वैभव संपलेले नाही. 'सैराट' (२०१६) च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट, आणि तिचे व्हायोलिन सातासमुद्रापार टिपलेले!

शिक्षण आणि भाकरी

आता आपल्या कामाचे बोलू. पुण्याच्या संस्थेत ध्वनिमुद्रण व ध्वनिरचना यांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कोलकात्याला १९९५ पासून सत्यजित राय यांच्या नावाची दुसरी सरकारी संस्था आहे, तेथेही हा विषय शिकवतात. प्रवेश परीक्षेतून होतो आणि पदवी लागते. परंतु एक अडसर आधीच सांगून ठेवतो. पुण्यात या विशिष्ट शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र असावे, अशी अट राहिलेली आहे. मला ही गोष्ट बी. ए. च्या दुसऱ्या वर्षी कळली, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही हे कबूल करतो. अटी बदलू शकतात, तेव्हा ज्याला अर्ज करायचा त्याने त्या वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. पण दहावीतल्या धाकट्या भावंडांना हे आजच सांगा. निदान त्यांची वाट बंद होऊ नये.

या संस्थेतून शिकून गेलेल्यांत रसूल पूकुट्टी यांचे नाव सर्वश्रुत आहे. केरळातल्या एका खेड्यात वाढलेला हा माणूस. 'स्लमडॉग मिलियनेअर' च्या ध्वनिमिश्रणासाठी इयान टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्याबरोबर त्यांना २००९ साली ऑस्कर मिळाले.

ज्यांना संस्थेचे दार उघडत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग उमेदवारीचा. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून राहायचे, वायरी जोडायच्या, चहा आणायचा आणि पाहत पाहत शिकायचे. खाजगी संस्थाही पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांचे शुल्क जबर असते. पैसे भरण्यापूर्वी तेथून शिकून गेलेले दोघे-तिघे आज काय करतात ते विचारावे, एवढाच माझा सल्ला.

कमाईचे चित्र गुलाबी रंगवू इच्छित नाही. यात पगारी नोकऱ्या थोड्या. बहुतेक काम चित्रपटापुरते, मालिकेपुरते किंवा गाण्यापुरते असते. एक काम संपले की दुसरे मिळेपर्यंत हात रिकामे. मुंबईत ध्वनितंत्रज्ञांची संघटना आहे, तिच्या सभासदत्वाचा पुढे उपयोग होतो. चित्रपटाखेरीज आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिराती, बोलकी पुस्तके, संगणकावरचे खेळ, आणि अर्थात रंगमंच व सभा-संमेलने, ही कामाची क्षेत्रे आहेत. यांतले शेवटचे क्षेत्र आपल्या दाराशीच आहे.

आणि या धंद्याचे भांडवल म्हणजे कान. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा मानली जाते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे अठ्ठ्याऐंशीला चार तास आणि एक्क्याण्णवला दोन. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. काकाजींना आता उजव्या कानाने कमी ऐकू येते. वीस वर्षे ते भोंग्याच्या त्याच बाजूला बसले. कायद्याचेही भान हवे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावण्यास मनाई आहे. वर्षातल्या ठराविक पंधरा दिवसांपर्यंत शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आमच्यासारख्या रात्रभराच्या रंगभूमीला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आवाज मंडपात भरून राहावा आणि मंडपाबाहेर कमीत कमी जावा, हे जाणकार माणूसच साधू शकतो. जास्त भोंगे म्हणजे चांगला आवाज, हा आपल्याकडचा समज सोडावाच लागेल.

आपल्या रानाचे आवाज

मुंबईला जाणे हेच एक यश, असे मात्र मी मानत नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून निराळा झालेला गडचिरोली जिल्हा आणि आपले चंद्रपूर, हे दोन्ही मुलूख कानांनी श्रीमंत आहेत. येथे मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू अशा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. दंडार आहे, खडी गंमत आहे, रेला नाच आहे. ताडोब्यात वाघाची चाहूल लागली की चितळ कसे ओरडते आणि वानर कसा खोकतो, हे आपल्याकडच्या गुराख्याला कोणी शिकवावे लागत नाही.

उद्या कोणी आपल्या भागावर चित्रपट काढला आणि त्यात परदेशी पक्ष्याची शीळ भरली, तर आपण हसू. पण न हसता आवाज भरून देणारा माणूस येथूनच का निघू नये? माडिया भाषेतले गाणे कापताना ती भाषा न जाणणारा संकलक श्वास समजून शब्दच कापून टाकील. ज्याला भाषा येते, त्यालाच ओळ कोठे संपते ते कळते. कला शाखेचा विद्यार्थी जे शिकतो, भाषा, लोकसाहित्य, नाटक, ते येथे वाया जात नाही. तेच खरे भांडवल ठरते.

गेल्या चैत्रात मी पहाटे चारला मोहाच्या झाडाखाली मोबाइल घेऊन बसलो. मोहफूल जमिनीवर पडताना अगदी हलका, ओलसर आवाज होतो. पहिल्या दिवशी वाऱ्याने सर्व मुद्रण खराब केले. दुसऱ्या दिवशी मोबाइल दुपट्ट्यात गुंडाळून दगडाआड ठेवला. तिसऱ्या दिवशी फूल ऐकू आले. मोजून सांगतो, दीड तासात कामाची अशी चाळीस सेकंदे मिळाली. ती मी जपून ठेवली आहेत. त्यांना बाजारात किंमत नसेल, पण ऐकायचे कसे ते मला त्यांनी शिकवले.

मित्रहो, सुरुवात अशीच करावी असे माझे मत आहे. महागड्या यंत्रांची वाट पाहू नये. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि गोष्टी टिपाव्यात. पंखा बंद करून, चुलीपासून दूर बसून, मोबाइल त्यांच्या तोंडाजवळ धरून. आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असा एक ध्वनिसंग्रह सुरू व्हावा, अशी मी प्राचार्य महोदयांना या लेखाद्वारे नम्र विनंती करतो. त्यासाठी एक संगणक आणि एक कपाट पुरेल. फेऱ्या मारायला आम्ही आहोत.

शेवटी त्या आजीबाईंविषयी. मंडईनंतर पंधरा दिवसांनी तेच नाटक शेजारच्या गावी लागले आणि साऊंड आमचाच होता. मी काकाजींना विचारून रंगमंचाच्या पुढच्या काठाला, कुंडीच्या आड, एक माईक खाली ठेवला आणि भोंगे चार हात पुढे सरकवले. शेवटचा प्रवेश येईपर्यंत तो माईक बंदच ठेवला. नायिका आडवी पडली तेव्हा तो उघडला आणि ऑर्गन उतरवला. मग काकाजींना मिक्सरवर बसवून मी मंडपाच्या अगदी मागे, घोंगड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तिचा प्रत्येक शब्द तेथे येत होता. मागच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या.

आमच्या आजीबाई त्या गावी आल्या नव्हत्या. घरी परतल्यावर मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि ती पोरगी मरताना काय म्हणाली, ते त्यांना शब्दशः सांगितले.